टाकी 'लिटरली' फुटली?

सेक्रेटरी: नमस्कार. बी विंगची वरची टाकी लिटरली फुटली आहे. पाणी जपून वापरावे 🙏

७०१: गच्चीवर जाऊन आलो. टाकी धडधाकट आहे. बॉलकॉक अडकलाय, पाणी वाहतंय.

१०१ काका: प्लंबरला फोन केला का कोणी?

३०२ काकू: सेक्रेटरी साहेब, राग मानू नका, पण आज बोलतेच. तुमचा मेसेज वाचून मी यांना झोपेतून उठवलं. गुडघ्याच्या ऑपरेशनला महिनाही झाला नाही, तरी काठी घेऊन बादल्या भरायला निघाले. लिटरली म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाने, खरोखर. टाकीला साधा तडा नाही!

५०३: काकू, आता सगळेच असं बोलतात. 'हसून हसून लिटरली मेले.' ऑक्सफर्डच्या शब्दकोशानेही २०११ मध्ये हा जोर देणारा अर्थ घेतला.

३०२ काकू: अगं, मेरियम-वेबस्टरमध्ये तो १९०९ पासून आहे. डिकन्सच्या 'निकोलस निकलबी'तला स्क्विअर्स मास्तर पोराकडे बघून डोळ्यांना 'लिटरली' मेजवानी देतो, ते १८३९ सालचं. तुमच्या पिढीला दोष देतच नाहीये मी.

४०४: काही जणांचा मेन्टेनन्स लिटरली सहा महिने थकलाय. त्यावर पण चर्चा होऊ दे.

२०४: नाव घेऊन बोला ना.

४०४: ज्याला लागायचं त्याला लागलं 😀

१०१ काका: प्लंबर??

६०२: लिटरलीच्या मुळाशी लॅटिन 'लिटेरा', म्हणजे अक्षर. आपलं 'अक्षरशः' पण तसंच घडलंय, आणि तसंच वापरतो. गणपतीत काकूच म्हणाल्या होत्या, पोरं मोदकांवर अक्षरशः तुटून पडली.

५०३: 😂😂

३०२ काकू: म्हणाले, परत म्हणेन. ते ऐकून कोणी काठी घेऊन जिन्यात आलं नाही. गप्पांत काय हवं ते बोला. 'व्हेरी' या शब्दाचा मूळ अर्थ 'खरा' असाच होता, आता नुसता 'खूप' उरलाय. लिटरलीचंही तेच झालं तर उद्या टाकी खरंच फुटल्यावर नोटिशीत काय लिहिणार?

सेक्रेटरी: काकू, पहाटे साडेपाचला जिन्यातून पाणी येत होतं. मी एकटाच उभा होतो तिथे. घाईत लिहिलं गेलं.

३०२ काकू: तुम्ही धावपळ करता म्हणूनच तुमच्या शब्दावर आम्ही उठतो हो.

२०४: मेन्टेनन्सचं कोणाबद्दल होतं ते कळू दे आधी.

७०१: इथे नको प्लीज.

सेक्रेटरी: सुधारित सूचना : बी विंगचा बॉलकॉक अडकल्याने टाकी वाहत आहे. टाकी फुटलेली नाही. पाणी १० ते १२ बंद राहील. ३०२च्या काकांनी जिना चढू-उतरू नये, दोन बादल्या वॉचमन वर आणून देईल.

३०२ काकू: 🙏 चहाला या.

१०१ काका: प्लंबरचा नंबर तरी टाका कोणीतरी.