हेडलाईटची पिवळी काच घरी साफ केलीत? काय केलंत, किती टिकलं?

चिपळूण

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कराडहून परतताना कुंभार्ली घाटात रात्र झाली. घाट पाठ आहे, तरी कडेची पांढरी पट्टी दिसेना. समोरून ट्रक येऊन गेला की काही क्षण नुसता काळोख. बायकोला आणि मला, दोघांनाही वाटलं की चष्म्याचा नंबर वाढला. डोळे तपासले, नंबर तोच. मग एका संध्याकाळी गाडी कंपाउंडच्या भिंतीसमोर लावून दिवे चालू केले आणि बाजूला शेजाऱ्यांची नवी गाडी उभी केली. त्यांचा झोत पांढरा, वरची कड रेखीव. आमच्या चौदा वर्षांच्या गाडीचा चहा सांडल्यासारखा डाग.

आपण काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट असतं. त्यावर कारखान्यात एक पारदर्शक कडक लेप देतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो लेप झिजतो, फुटतो आणि खालचं प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या गोल दिव्यांना खरी काच होती, त्यामुळे आमच्या वडिलांना हा प्रश्न कधी पडलाच नाही.

नवीन जोडीचे साडेअकरा हजार सांगितले, म्हणून घरीच साफ करायला बसलो. भोवती मास्किंग टेप लावला, साबणाचं पाणी घेतलं आणि ६०० पासून ३००० पर्यंत वॉटर पेपर (पाण्यासोबत घासायचा कागद, आकडा मोठा तितका बारीक) मारले. पहिल्या पेपरला पिवळं पाणी गळत होतं. ते हळूहळू पांढरं झालं, पण काच इतकी दुधाळ दिसायला लागली की दिवा कायमचा गेला असंच वाटलं. पुढच्या पेपरांनी आणि पॉलिशने ती उजळली, अगदी नव्यासारखी. आठ महिन्यांत पुन्हा पिवळी! वरून काहीच लावलं नव्हतं.

पुन्हा करण्याआधी तुमचे अनुभव हवेत. दोन गोष्टी आवर्जून लिहा: वरून काय लावलंत आणि किती महिने टिकलं. त्याच दिवशी काढलेल्या फोटोवरून काही कळत नाही.

नाशिक

टूथपेस्ट. जुन्या बनियनवर घेऊन प्रत्येक दिव्याला वीस मिनिटं. फरक दिसला, खोटं का सांगू. पण पेस्टमधली पूड फारच बारीक, ती वरचा धुरकटपणा तेवढा काढते. आमचा पिवळेपणा सहा आठवड्यांत परतला. उद्या रात्रीचा प्रवास आहे आणि हाताशी दुसरं काही नाही, अशा वेळी जरूर करा. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

नांदेड

डास पळवणारा स्प्रे मारून पुसा, असा व्हिडिओ भावाने पाठवला. काच पाच मिनिटांत चकाकली. त्या स्प्रेत डीट नावाचं रसायन असतं आणि ते प्लास्टिकचा वरचा थर चक्क विरघळवतं. म्हणून चमक दिसते. चार दिवसांनी काच चिकट झाली, त्यावर धूळ बसली ती निघेना. बॉनेटच्या कडेला जिथे थेंब उडाले, तिथला रंगही मऊ पडला. कृपया हे करू नका, आणि तो व्हिडिओ पुढे पाठवूही नका.

कोल्हापूर

माझं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी काचेवर बोट फिरवा. खरखरीत लागली, पापुद्रे दिसले, तर ४०० ने सुरुवात. नुसती धुरकट असेल तर ८०० पुरे. एक पेपर आडवा मारला की पुढचा उभा मारा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की राहिले ते दिसतं. घाई इथेच नडते. ४०० चा एक ओरखडा राहिला तर २००० ने तो निघत नाही, मागे यावं लागतं.

चिपळूणकर, तुम्ही जुना लेप कडेपर्यंत काढला होता का? बहुतेक जण मधला भाग घासतात आणि टेपच्या कडेला जुन्याची पट्टी राहते. नवा लेप उचलायला लागतो तो तिथूनच.

क्लिअर, म्हणजे वरून फवारायचा पारदर्शक लेप, मारणार असाल तर आरशासारखं पॉलिश करू नका, १५०० वर थांबा. फार गुळगुळीत केलं की क्लिअरला पकड मिळत नाही, आणि ते बारीक ओरखडे ओला क्लिअर भरून काढतो. हार्डनर मिसळून कडक होणारा, म्हणजे टू-के क्लिअर घ्या, डब्यावर यूव्ही संरक्षण लिहिलंय का ते बघा. पहिला हात धुक्यासारखा पातळ, दहा मिनिटांनी दुसरा ओला. पुसायला थिनर अजिबात नको, पॉलिकार्बोनेटला जाळीसारख्या भेगा पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा.

आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कापडी मास्क त्याला अडवत नाही. कार्ट्रिजचा मास्क आणि मोकळी जागा नसेल, तर हे काम पेंटरकडे द्या. आमच्या धंद्यात त्याने दमा जडलेली माणसं मी पाहिली आहेत.

सध्या कपात द्रव तापवून त्याची वाफ सोडतात, तेही लेप देणं नव्हे. ते द्रावक असतं, पृष्ठभाग वितळवून गुळगुळीत करतं, संरक्षण काहीच उरत नाही. ती वाफ विषारी असते.

ठाणे

मी आणि मुलीने सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं. घासणं सुरेख जमलं, पण जुलै महिना. साधा लॅकर मारला आणि अर्ध्या तासात त्यावर पांढरट साय आली. हवेतली ओल लॅकरमध्ये अडकली होती. सगळं काढून दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत टू-के मारला. आता एकोणीस महिने झाले, गाडी दिवसभर ऑफिसबाहेर उन्हातच असते, तरी काच स्वच्छ आहे.

मडगाव

आमच्या काचेला आतून दव होतं. बाहेरून कितीही घासलं तरी काय उपयोग? बल्ब बदलताना मागचं रबरी झाकण नीट बसवलं गेलं नव्हतं, एवढंच. घासण्याआधी तेवढं बघून घ्या.

सोलापूर

काच तशीच ठेवून मी ६०/५५ च्या जागी १००/९० वॅटचे बल्ब टाकले. उजेड वाढला असं वाटलं, पण धुरकट काचेतून तो चहूकडे फाकतो. समोरचे सारखे डिपर मारायचे. होल्डर वितळला, रिफ्लेक्टर काळवंडला. शेवटी जोडी विकतच घ्यावी लागली.

श्टुटगार्ट

इथे दर दोन वर्षांनी गाडीची तपासणी होते. कारखान्याचा लेप घासून काढला की दिव्याची मान्यता संपते, असा इथला नियम सांगतो. म्हणून मी घरी घासलं नाही, भंगारातून त्याच मॉडेलची चांगली जोडी आणून बसवली. जर्मनीत असाल तर आधी विचारून घ्या.

न्यू जर्सी

अमेरिकेत १९८३ पर्यंत बंद काचेचे ठरावीक दिवेच चालत, त्यानंतर प्लास्टिकला परवानगी मिळाली. इथल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये चाचणी केली. खराब झालेल्या दिव्यांतून नव्याच्या २० टक्केच प्रकाश बाहेर पडत होता, साफ केल्यावर तो ७० टक्क्यांपर्यंत आला. रोज रात्री घाटातून जाणाऱ्यांनी त्या उरलेल्या ३० टक्क्यांचाही विचार करावा.

चिपळूण

सगळ्यांचे आभार. कोल्हापूरकर, तुमचं बरोबर निघालं. कडेला बोटभर जुना लेप तसाच होता. रविवारी तो काढला, १५०० वर थांबलो आणि क्लिअर ओळखीच्या पेंटरकडून मारून घेतला. भिंतीवर खडूने झोताची कड आखून ठेवली आहे. दर दोन महिन्यांनी त्याच जागी गाडी लावून बघेन आणि इथे लिहीन. उजव्या दिव्यावर एक थेंब ओघळून वाळला आहे. काढू का?

कोल्हापूर

आठवडाभर हात लावू नका. पूर्ण कडक होऊ दे. मग २००० ने, भरपूर पाणी घालून, फक्त तेवढ्यावरच.