मदत हवी आहे: बाबांच्या तबकडीवरचं गाणं सीडीवर कुठे मिळेल?

कंदी_पेढा
जरा लवकर सांगा. पुढच्या रविवारी बाबांची पंचाहत्तरी आहे. ते बोटीवर असताना त्यांनी न्यूयॉर्कहून आणलेली छोटी तबकडी आता वाकडी झालीय, सुई उड्या मारते. तेच गाणं सीडीवर हवंय. यूट्यूबची लिंक देऊ नका, बाबा मोबाईलवर गाणी ऐकत नाहीत. दोन सीडी मागवल्या, दोन्ही चुकीच्या निघाल्या. साठच्या दशकातल्या मुलींच्या ग्रुप्सचे चांगले संग्रह कुठले?

आगाऊ
गाणं कुठलं?

कंदी_पेढा
लिहिलं नाही का? ‘आय एम इन्टू समथिंग गुड’.

आगाऊ
अहो, ते हर्मन्स हर्मिट्सचं. मुलांचा बँड आहे. यात मुली कुठून आल्या?

कंदी_पेढा
तेच तर रडगाणं आहे! दोन्ही सीडींवर मुलगा गातो. आमच्या तबकडीवर बाई गाते.

खडूस_नारायणपेठ
मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर लावली की पुरुषाचीही बाई होते. आधी स्पीड बघा. शिवाय हर्मिट्सचा गायक पीटर नून तेव्हा जेमतेम १६ वर्षांचा होता, आवाज कोवळाच.

कंदी_पेढा
स्पीड बरोबर आहे. लेबल अर्धं फाटलंय, ‘कोल्पिक्स’ (रेकॉर्ड कंपनी) आणि पुढे ‘जीन’ एवढंच वाचता येतं. मधलं भोक मोठं आहे, चकती घालून वाजवावी लागते.

तबकडीवाला
हे पहिल्याच पोस्टीत लिहिलं असतं तर सगळ्यांचा वेळ वाचला असता. मोठं भोक म्हणजे अमेरिकन सिंगल, दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी तबकडी. गायिका अर्ल-जीन. मूळ गाणं तिचंच, १९६४ चं. गॉफिन-किंग या गीतकार-संगीतकार जोडीनं लिहिलेलं. अमेरिकेत ३८ व्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच वर्षी हर्मिट्सनी ते उचललं, इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर नेलं आणि बाई विस्मरणात गेली. ती ‘द कुकीज’ या मुलींच्या ग्रुपमधली. बीटल्सनी गायलेलं ‘चेन्स’ आधी त्यांचंच. याच मुली ‘सिंडरेलाज’ या नावानंही गायल्या आहेत, त्यामुळे एका नावानं शोधलं तर निम्मं हाती लागत नाही.

न्यूजर्सीची_माई
एवढं शोधत बसण्यापेक्षा ऱ्हायनो कंपनीचा मुलींच्या ग्रुप्सचा २००५ चा बॉक्स सेट घ्या. ४ सीडी, १२० गाणी, टोपीच्या गोल डब्यात. माझ्याकडे आहे, दिवाणखान्यात ठेवलाय, येणारा प्रत्येक जण विचारतो.

तबकडीवाला
माई, त्यांना एक गाणं हवंय, शोपीस नाही. लंडनच्या एस कंपनीची ‘व्हेअर द गर्ल्स आर’ मालिका बघा. मिक पॅट्रिकनी लिहिलेल्या माहितीपुस्तिकांसाठीच पैसे वसूल होतात. कोण कुठल्या नावानं गायलं, ते तिथेच कळतं.

न्यूजर्सीची_माई
माझ्या डब्यातही जाडजूड पुस्तिका आहे हो! आणि तुमच्या मालिकेत तरी हे गाणं आहे का, ते सांगा ना.

आगाऊ
दोघांनीही अजून ते सांगितलेलं नाही. 😀

बुरशी_तज्ज्ञ
तबकडी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा. लेबल भिजू देऊ नका.

कंदी_पेढा
वाकडी आहे हो. मळकी नाही.

तबकडीवाला
माई, कान पकडतो. थेट कुकीजचा संग्रह शोधा, अर्ल-जीनची गाणी बहुधा त्यालाच जोडलेली असतात. पण विक्रेत्याकडून मागच्या कव्हरचा फोटो मागवा. स्वस्तातल्या ‘हिट्स’ सीडींवर बारीक अक्षरात ‘पुन्हा ध्वनिमुद्रित’ लिहिलेलं असतं. कलाकार तेच, पण वीस-पंचवीस वर्षांनी सिंथेसायझर लावून गायलेले. आपल्याकडे टी-सीरिजच्या ‘यादें’ कॅसेटी आठवतात ना, जुनी गाणी नव्या गायकांनी गायलेल्या? साधारण तसंच, फक्त इथे गायक तेच.

खडूस_नारायणपेठ
त्या कॅसेटींबद्दल काही बोलू नका. आमच्या कॉलेजच्या होस्टेलात त्याच होत्या.

आगाऊ
अनुराधा पौडवाल की कुमार सानू?

खडूस_नारायणपेठ
दोघंही. वेगळा धागा काढा.

कंदी_पेढा
फोटो आला. यादीत शेवटच्या तीनमध्ये अर्ल-जीन आहे! मागवली. तीन आठवडे लागणार म्हणे, म्हणजे रविवार हुकला. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, ‘मला दुसऱ्या बाजूचं गाणं जास्त आवडायचं.’

तबकडीवाला
मग दुसऱ्या बाजूचं लेबल वाचा की!

कंदी_पेढा
ती बाजूच जास्त फाटलीय.

न्यूजर्सीची_माई
त्या चुकीच्या दोन सीडी विकणार का? आमच्या ह्यांना हर्मिट्स फार आवडतात.