लिथियममुळे हात थरथरतात, आरीवर्क कसं करू?

आरीवाली:
नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी सांगली साइडची, वय ३४, घरीच ब्लाऊजवर आरीवर्क करते. तीन वर्षांपूर्वी बायपोलर निघालं, म्हणजे मन कधी एकदम उसळतं, कधी पार खाली जातं तो आजार. सध्या त्यासाठी रात्री साडेनऊला लिथियम ९०० आणि ओलॅन्झापिन ५ मिलिग्रॅम. दोन वर्षांत अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली नाही, ते श्रेय गोळ्यांचंच आहे, नाही म्हणत नाही. पण बाकीचं जे चाललंय ते कुणाला सांगू.

वजन ५८ चं ७३ झालं. मंगळसूत्र सोडून अंगावरचं काही होत नाही, अंगठ्या साबण लावून काढल्या आणि डब्यात ठेवल्या. रात्री उशाशी दोन तांबे पाणी लागतं आणि तेवढ्याच वेळा उठावं लागतं. हे सगळं चालवून घेतलं असतं हो, पण हात. ज्यांना आरीवर्क माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, वरून आरी (हूकवाली सुई) कापडात घालायची, खालच्या हाताने धागा तिच्या हुकात द्यायचा आणि ओढून वर आणायचा, झाला एक टाका. यात हात केसभर जरी हलला तरी हूक कापडाचाच धागा धरून वर येतो आणि सिल्कला रेघ पडते, ती परत जात नाही. परवा एका नवरीच्या ब्लाऊजच्या बाहीवर मोर काढत होते, मानेपाशीच रेघ पडली. वर मणी भरून झाकली, पण मला माहितीये ना ती तिथे आहे. शेजारची बाई चहा घ्यायला आलेली, कपबशी वाजली तर माझ्याकडे बघून हसली, काय समजली देव जाणे.

आधी थोडं थरथरायचं, चालून जायचं, गेल्या पंधरा दिवसांत फारच वाढलंय. लग्नसराई आहे, बारा बारा तास फ्रेमवर वाकून पाठ कामातून गेलीये, गोळी घेऊन कसंतरी रेटतेय. त्यात हे ऊन, जेवण जात नाही, पोट पण बिघडलंय चार दिवस.

आणि खरं सांगू का, आजारपणात मी तीन रात्री न झोपता सात ब्लाऊज पुरे केले होते. डिझाइन नुसती डोक्यात यायची, कागदावर काढायची पण गरज नाही. आता एका मोराला चार दिवस. सासूबाई म्हणतात गोळ्यांनीच वाटोळं केलं, सोड महिनाभर, लग्नं झाली की परत चालू कर. मला पण पटायला लागलंय. कुणी असं मधेच थांबवून बघितलंय का?

सदाफुली:
ताई माझ्या मावसबहिणीला सेम होतं. तिने सगळ्या इंग्लिश गोळ्या बंद केल्या आणि ब्राह्मी, शंखपुष्पी आणि रोज प्राणायाम. आता एकदम ठणठणीत आहे. करून बघा, तोटा तर काही नाही.

बायकोचा_ड्रायव्हर:
सदाफुली, तोटा असतो. माझ्या घरात झालाय म्हणून सांगतो. बायकोने २०१९ मध्ये लिथियम स्वतःच बंद केलं, पहिले काही दिवस कसं हलकं हलकं वाटलं तिला, आणि पाचव्या आठवड्यात पहाटे तीनला गच्चीवर भांडी घासत होती, घरातली सगळी. पुढचं लिहीत नाही. प्राणायाम करा की, पण गोळीच्या जोडीला करा. लिथियम अचानक तोडलं की आजार उसळून येतो, हे डॉक्टर आम्हाला पहिल्या दिवशीच बोलले होते, आम्ही कानाआड केलं. त्यामुळे आरीवालीताई, लग्नं झाल्यावर परत चालू करू हा हिशोब जमत नाही, तोपर्यंत कुठे असाल त्याचा नेम नाही.

वजनाबद्दल माझा अनुभव. मी तिला डॉक्टरकडे नेतो आणतो म्हणून हे नाव. ओलॅन्झापिनची भूक ही आपली नेहमीची भूक नसते, पोट भरलं हा निरोपच येत नाही बघा. बायको जेवून उठली की अर्ध्या तासात फरसाणाचा डबा. आम्ही दोन गोष्टी केल्या. फरसाण आणायचंच बंद केलं, घरात नाही तर नाही, पोरं कुरकुरली. आणि तहान लागली की फक्त साधं पाणी किंवा पाण्यासारखं पातळ ताक. आधी सरबत आणि कोल्ड्रिंकवर तहान भागवायची, दिवसाला लिटरभर साखरेचं पाणी पोटात, मग वजन का नाही वाढणार. नंतर डॉक्टरांनी ओलॅन्झापिन हळूहळू कमी करून दुसरी गोळी दिली. ११ किलो वाढलेले, त्यातले ६ गेले, ५ आहेत अजून.

आणि एक विचारू का, राग मानू नका. ती सात ब्लाऊज नंतर बघितलीत का कशी झाली होती?

एकोणीस_वर्षं:
पोरी, मी लिथियमवर १९ वर्षं आहे, बँकेतून रिटायर. हात माझाही थरथरायचा, सही जुळत नाही म्हणून माझ्याच बँकेने माझाच चेक परत केला होता, आता हसू येतं. ते नंतर. आधी एक सांग, पाठीला कुठली गोळी घेतेस, किती दिवस झाले, आणि रक्तातली लिथियमची लेव्हल शेवटची कधी काढलीस? आज दिसलं की आज उत्तर दे.

आरीवाली:
काका मेडिकलमधून आणते, डायक्लोफेनॅक लिहिलंय पाकिटावर. सकाळ संध्याकाळ एकेक, तीन आठवडे झाले असतील. लेव्हल मागच्या वर्षी गणपतीच्या आधी. का हो?

एकोणीस_वर्षं:
मग ही थरथर नुसती साइड इफेक्टची नाही, लिथियम रक्तात वाढलेलं असण्याची दाट शंका आहे. लिथियम मिठाचं भावंड आहे. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की किडनी मीठ धरून ठेवते, त्यासोबत लिथियमही धरून ठेवते. तुझं जेवण कमी, उन्हाने घाम, त्यात पोट बिघडलेलं, आणि वरून तीन आठवडे ही पेनकिलर, तिनेही लिथियम लघवीतून जायचं कमी होतं. चारी बाजूंनी एकच काम चाललंय. ती पेनकिलर आत्ता बंद. आज रात्रीचं लिथियम घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन कर, घ्यायचं की नाही ते तेच सांगतील, इथे विचारू नको. उद्या सकाळी रक्त दे. शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचं असतं आणि सकाळी त्याआधी लिथियम घ्यायचं नसतं, नाहीतर आकडा खोटा येतो. आणि चालताना तोल जायला लागला, बोलणं अडखळलं, उलट्या सुरू झाल्या, गुंगी वाटली, तर रक्ताची वाट बघत बसू नको, सरळ कॅज्युअल्टी गाठ, बरोबर नवऱ्याला घेऊन.

काउंटरमागचा:
काका बरोबर बोलले. माझं स्वतःचं मेडिकल आहे त्यामुळे आमच्या लोकांच्या वतीने कान पकडतो. गिऱ्हाईक पाठदुखी म्हणतं, आम्ही गोळ्यांची स्ट्रिप फाडून देतो, दुसरं काय चालू आहे ते आम्ही विचारत नाही आणि मानसिक आजाराच्या गोळ्या म्हटल्यावर गिऱ्हाईक पण सांगत नाही, लाजतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या सगळ्या त्याच जातीच्या. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते, तीही मापात. बीपीच्या गोळ्यांचंही तेच, टेल्मिसार्टन किंवा लघवी जास्त व्हायची गोळी कुणी चालू केली तर आधी लिथियम सांगायचं. घरात सासूबाईंचा बीपी आहे म्हणून सगळ्यांचंच मीठ तोडलं, किंवा अळणी उपवास धरले, तेही लिथियमवाल्याला नडतं. मीठ फार नाही, कमी पण नाही, रोज सारखं.

मिठावरून आठवलं, १९४९ साली जॉन केडने ऑस्ट्रेलियात लिथियमचा मॅनियावर (बायपोलरमधली ती उसळी) उपयोग दाखवला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत हृदयाच्या पेशंटना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खायला देत होते, त्यात माणसं दगावली. तेव्हा लेव्हल मोजायची सोय हाताशी नव्हती. आता आहे तर वापरा. शहाण्यासारखं तीन ते सहा महिन्यांनी लेव्हल, आणि सहा महिन्यांनी थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), कॅल्शियम. ताई काय झालं ते इथे नक्की कळवा, जीव टांगणीला लावून ठेवू नका.

आरीवाली (सहा दिवसांनी):
सॉरी उशीर झाला. काकांचं वाचून हातपाय गार पडले होते. डॉक्टरांना फोन केला, त्या रात्रीची गोळी थांबवली आणि दुसऱ्या दिवशी रक्त. लेव्हल १.४२ आली. माझी नेहमी ०.७ च्या आसपास असते. डॉक्टर ओरडले, तीन आठवडे ही गोळी खातेस आणि मला सांगत नाहीस म्हणून. खरं तर पाठदुखीचं काय सांगायचं, ते तर डोक्याचे डॉक्टर, असं मला वाटायचं. लिथियम थांबवलं, ओआरएस आणि रोज रक्त, तिसऱ्या दिवशी ०.८ आली, आता ६०० वर ठेवलंय, पुढच्या आठवड्यात परत बघणार. थायरॉइड पण निघालं, टीएसएच ९.८, म्हणजे थायरॉइड कमी काम करतंय, त्यानेही वजन वाढतं. म्हणजे वजनाचं खापर एकट्या ओलॅन्झापिनवर फोडत होते ते अगदी खरं नव्हतं. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी चालू झाली. सासूबाई म्हणाल्या अजून एक गोळी. म्हटलं हो, अजून एक.

हात बराच थांबलाय, पूर्ण नाही. डॉक्टर म्हणाले उरली तर थरथरीला प्रोप्रॅनोलॉल बघू, पण ती गोळी दम्याला नडते आणि मला लहानपणी दमा होता, त्यामुळे विचार करून. तोपर्यंत सिल्कवर चेन स्टिच नाही, मणी आणि जरदोसी घेते, त्याला हात थोडा हलला तरी भागतं. दोन ऑर्डर मैत्रिणीला दिल्या. जिवावर आलं, पण दिल्या.

आणि ड्रायव्हरदादा, त्या सात ब्लाऊजचं. तुम्ही विचारलंत तेव्हा राग आला होता. तीन परत आली होती. एकाच्या दोन बाह्यांना दोन वेगळी डिझाइन, मला तेव्हा ते भारी वाटलेलं. उसवून परत करून दिली, तेव्हा मी डिस्चार्ज घेऊन घरी आले होते. हे मी पार विसरून गेलेले.

एकोणीस_वर्षं:
१.४२ म्हणजे थोडक्यात निभावलं, १.५ च्या वर विषबाधाच म्हणतात. पाठीला आता काय?

आरीवाली:
गरम पाण्याची पिशवी, आणि नवऱ्याने फ्रेमच्या स्टँडखाली दोन विटा लावून दिल्यात, वाकावं कमी लागतं. हे आधी का सुचलं नाही माहिती नाही.

काउंटरमागचा:
विटा मेडिकलमध्ये मिळत नाहीत म्हणून 😄

बायकोचा_ड्रायव्हर:
मोर तरी दाखवा आता.

आरीवाली:
नवरी घेऊन गेली काल. फोटो आहे, संध्याकाळी टाकते. डावीकडचा छान आलाय, उजवीकडच्याची मान जरा जाड झालीये मण्यांनी. तिची आई म्हणाली उजवा नर दिसतो.