ब्लॉगला ‘अनुदिनी’ म्हणावं की आणखी काही?

गोदाकाठ (परभणी):
ब्लॉगसाठी मराठीत अनुदिनी, जालनिशी असे शब्द चालवून पाहिले गेले. दोन्ही रुळले नाहीत. आमच्याकडं शेतकरी, निवृत्त मास्तर, घरचं आवरून लिहायला बसणाऱ्या बाया असे कितीतरी जण लिहितात, पण त्यातलं कुणी ‘मी अनुदिनी लिहितो’ म्हणताना ऐकलं नाही. हे जे करतात त्याला नेमका शब्द कोणता? आणि अनुदिनी हे मुळात नाम आहे का?

चिटणीस (छत्रपती संभाजीनगर):
नाही. ‘अनुदिनी अनुतापें तापलों रामराया’ या करुणाष्टकातल्या ओळीत अनुदिनी म्हणजे रोजच्या रोज. क्रियाविशेषण झालं ते. समर्थ आपल्याच जालना जिल्ह्यातल्या जांबचे, तेव्हा शब्द घरचाच. पुढं कुणीतरी दैनंदिनीच्या चालीवर त्याचं नाम केलं. त्याला हरकत नाही, भाषेत असं होतच असतं. अडचण अर्थाची आहे. रोज लिहितं कोण? सोयाबीन काढणीला आलं की लिहिणं बंद, आणि मग एका रात्रीत चार पानं.

जालनिशीतली ‘निशी’ म्हणजे रात्र नव्हे, जरी पुष्कळांना तसं वाटतं. रोजनिशीतली निशी फारसी ‘नविसी’ची, म्हणजे लिहिणं. चिटणीस, फडणीस यांतला ‘नीस’ही तिथलाच. म्हणजे संस्कृत जाळ्याला फारसी शेपूट. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात राहिलेल्या मुलखाला या जोडणीचं नवल वाटू नये. पण रोजनिशी माणूस पेटीत ठेवतो, दुसऱ्यानं उघडली तर भांडण होतं. ब्लॉगचं उलट आहे, कुणी वाचला नाही तर लिहिणारा रुसतो.

इंग्रजीत तरी कुठं विचार करून ठरवलं होतं? १९९७ साली ‘वेबलॉग’ हा शब्द आला, म्हणजे जाळ्यावरची नोंदवही. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी गंमत म्हणून तो ‘वी ब्लॉग’ असा तोडला, त्यातला ‘ब्लॉग’ उरला.

कापूसकोंड्या (बीड):
हिंदीवाले चिट्ठा म्हणतात. घ्यायचा का?

चिटणीस:
नको. आपल्याकडं चिठ्ठा म्हटलं की आधी ‘कच्चा’ येतो, आणि कुणाची तरी लफडी बाहेर पडतात.

मांजराकाठ (लातूर):
शब्द शोधायच्या आधी ही माणसं स्वतः काय म्हणतात ते ऐका. आमच्या गल्लीत पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आहेत. कुणी विचारलं, ‘काका, मोबाइलवर काय करलालाव?’ तर उत्तर ठरलेलं, ‘काही नाही, खरडलालोय जरा.’ लेखन करतो असं कधीच म्हणणार नाहीत. लेखक म्हटलं की लोक शुद्धलेखन काढतात, शैली काढतात. खरडणाऱ्याला कोण काय म्हणणार?

आणि खरडतात काय? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, हे सगळ्या पेपरांत छापून आलं. काकांनी गाडीवर एक ओळ लिहिली. बाकी सगळं घरातलं. मोठ्या परातीत उभं राहून अंघोळ करायची, परातीतलं पाणी बादलीत, त्यात फरशीचं फडकं, आणि फडकं पिळून उरलेलं गढूळ पाणी संडासात. पाहुणे आले तर पत्रावळी, ताटं काढायचीच नाहीत. टँकर आला म्हणून काकू पोळी तव्यावर तशीच टाकून पळाल्या, त्या करपलेल्या पोळीवरून दोघांत झालेलं भांडणसुद्धा त्यात आहे. पेपरात काय येत नाही हे बघूनच साधा माणूस लिहायला बसतो, असं माझं मत.

म्हणून माझा शब्द ‘कैफियत’. अरबीत ‘कैफ’ म्हणजे ‘कसं’. त्यावरून कैफियत म्हणजे कसं आहे ते, म्हणजे स्थिती. उर्दूत आजही तो अर्थ चालतो. मराठीत ती कचेरीची पायरी चढली आणि आपली बाजू सांगणारं लेखी निवेदन होऊन बसली. फरक एवढाच, की कचेरीतली कैफियत विचारल्यावर द्यायची असते. ही कुणी न विचारता दिलेली. शिवाय ‘मांडणं’ हे क्रियापद तिच्यासोबत आयतंच येतं.

येसरवाली (धाराशिव):
भाऊ, कैफियत म्हटलं की रडगाणं वाटतं हो. मला कशाचं गाऱ्हाणं? लेक पुण्याला असते. दर उन्हाळ्यात फोन, आई, आमटीच्या येसरात गहू किती, हरभऱ्याची डाळ किती, आधी काय भाजायचं? सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून टाकलं. आता ओळख ना पाळख अशा बाया विचारतात, आमटीत गुठळ्या झाल्या, काय करू? बरं वाटतं. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळण-कांडण अभंगात आणलं, त्यालाही तुम्ही कैफियतच म्हणणार का?

चिटणीस:
ताई, जनाबाईंनी विठ्ठलाला शिव्यासुद्धा घातल्यात, त्यामुळं थोडी कैफियत तिथंही आहे! तरी तुमचं म्हणणं रास्त आहे. आजच्या बोलण्यात या शब्दाला तक्रारीचा वास येतो.

मांजराकाठ:
मुळातला ‘कसं’ धरला तर येसर कसं करायचं तीही कैफियतच की. पण शब्दाचा अर्थ मुळावर थोडाच चालतो, तो वापरावर चालतो. मग काकांची कैफियत, आणि ताईंच्या लिहिण्याला दुसरं काहीतरी बघू.

गोदाकाठ:
टिपण?

येसरवाली:
टिपण आमच्याकडं किराणा दुकानात देतात. मी आपलं ‘लिवलंय, बघा’ एवढंच म्हणते आणि पाठवते. ते राहू द्या. त्या काकांना सांगा, आम्ही तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा टाकत नव्हतो. आधी त्यातच भाजी धुवायची, मग ते तुळशीला. हे त्यांच्या लिहिण्यात राहिलंय.