घरच्या एस्प्रेसोची सुरुवात : काय घेतलं, काय चुकलं, काय टिकलं?

पहिलं एस्प्रेसो मशीन घ्यायचं ठरवलं की माहितीला तोटा नसतो. पण ती बहुतेक नव्याकोऱ्या मशीनची माहिती असते. सहा-आठ महिने रोज सकाळी वापरल्यावर काय वाटलं, हे क्वचितच वाचायला मिळतं. म्हणून हा धागा. सुरुवात कशाने केली, पैसे कुठे सार्थकी लागले, कुठे वाया गेले, बिया कशा निवडता, हे सगळं लिहा. फक्त एक विनंती : कॉफी नुसती पिता की दुधातली, हे आधी सांगा. त्यावर बाकीचं बरंच काही ठरतं.

पहिला अनुभव माझाच. मी नुसती पिते, दिवसाला दोन शॉट (एका वेळी काढलेली छोटा कपभर एस्प्रेसो म्हणजे एक शॉट). सगळे पैसे मशीनवर खर्च केले आणि ग्राइंडरसाठी काहीच उरलं नाही. घरात फिरत्या पात्याचं दळणयंत्र होतं, त्याच्यावरच भागवायचं ठरवलं. पातं बिया दळत नाही, फोडतं. त्यामुळे अर्धी कॉफी पिठासारखी आणि अर्धी रव्यासारखी. पहिला शॉट दहा सेकंदांत वाहून गेला, आंबट आणि पाणचट. जास्त वेळ दळलं तर पुढच्या शॉटला थेंबही पडेना. सहा आठवडे हेच. मशीन परत करायच्या बेतात होते.

मग शंकूच्या आकाराचे बर (बिया दळणारे दातेरी भाग) असलेला हाताने फिरवायचा ग्राइंडर घेतला. तिसऱ्याच दिवशी १८ ग्रॅम कॉफीतून २८ सेकंदांत ३६ ग्रॅम शॉट उतरला. मशीन तेच, पाणी तेच, बियाही त्याच. तेव्हा कळलं की मशीनचं काम साधारण ९ बार (बार हे दाबाचं माप) दाबाने गरम पाणी ढकलणं, एवढंच आहे. त्या पाण्याला अडवायचं काम कॉफीचं, आणि ती किती अडवणार हे दळणावर ठरतं. म्हणून ग्राइंडर घेताना दोन गोष्टी बघा : तो एस्प्रेसोइतकं बारीक दळतो का, आणि दळण बारीक-जाड करायच्या दोन खटक्यांमधलं अंतर किती लहान आहे. फिल्टर कॉफीसाठी उत्तम असलेले कितीतरी ग्राइंडर इथे कमी पडतात, कारण एका खटक्यात शॉट ४० सेकंदांवरून २० वर येतो आणि हवा असतो नेमका मधला.

* * *

वरचं सगळं पटलं, पण ‘आधी ग्राइंडर’ हा नियम सगळ्यांना लागू होत नाही असं मला वाटतं. आमच्या घरी चौघं, आणि चौघंही दुधातली कॉफी पितात. मी ५१ मिलिमीटर पोर्टाफिल्टरचं (कॉफी भरून मशीनला लावायच्या मुठीच्या भांड्याचं) लहान मशीन घेतलं आणि त्याच्यासोबत आलेली दुहेरी तळाची बास्केट (त्या भांड्यात बसणारी छिद्रांची वाटी) वापरली. या बास्केटला खाली एकच बारीक छिद्र असतं, दाब तिथेच तयार होतो. त्यामुळे दळलेली तयार कॉफीही चालते. वर जो फेस येतो तो छिद्रामुळे येतो, खरा क्रेमा (एस्प्रेसोवरचा तपकिरी फेस) नाही, हे मान्य. पण त्यात दीडशे मिलिलिटर दूध पडल्यावर आमच्यापैकी कुणालाच फरक कळला नाही. दीड वर्ष समाधानाने काढलं.

दूधवाल्यांनी मशीन घेताना बघायची खरी गोष्ट वाफ आहे. एकच बॉयलर असेल तर शॉट साधारण ९३ अंशांना काढायचा, मग बॉयलर सव्वाशे अंशांच्या पुढे तापेपर्यंत थांबायचं, दूध फेसाळायचं, आणि पुढच्या शॉटआधी पाणी सोडून पुन्हा थंड करायचं. एका माणसासाठी ठीक आहे. चार कप करताना पहिल्याची कॉफी पिऊन होते तेव्हा चौथ्याचं दूध तापत असतं. थर्मोब्लॉकवाली (बॉयलरऐवजी वाहतं पाणी तापवणारा धातूचा ठोकळा असलेली) लहान मशीन्स यात जलद. पाणी गरम व्हायला मिनिटभरसुद्धा लागत नाही, वाफेचा जोर मात्र थोडा कमी असतो.

आणि हो, एकेरी तळाची बास्केट बसवायची असेल तर त्याच दिवशी ग्राइंडरही हवा. मी फक्त बास्केट बदलली आणि तयार कॉफीतून पाणी सरळ आरपार गेलं.

* * *

नुसती पिते, दिवसातून एकदाच, आणि ओटा लहान आहे. म्हणून पंप नाही, बॉयलर नाही, वायर नाही असं हाताने दाबायचं मशीन घेतलं. फ्लेअर, कॅफेलाट रोबॉट ही त्या जातीतली नावं. किटलीतलं पाणी ओतायचं आणि दांडी दाबायची. दाबाचा काटा असलेलं घ्या, एवढं आवर्जून सांगते. काट्याशिवाय आपण ६ बारवर आहोत की ११ वर, हे सुरुवातीला हाताला अजिबात कळत नाही.

क्रेमाचा जन्मच अशा दांडीतून झाला. मिलानमध्ये आकीले गाज्जिया यांनी युद्धानंतर स्प्रिंग-दांडीचं मशीन आणलं. त्याआधीची मशीन्स वाफेच्या जोरावर चालत, आणि तो जोर जेमतेम दीड-दोन बारचा. मला हे वाचून फार आनंद झाला होता, कारण माझ्या ओट्यावर तेच तत्त्व रोज चालतं. दळण जाड झालं की दांडी हातातून निसटल्यासारखी खाली जाते, बारीक झालं की खांद्याला जाणवतं. शॉट आंबट का झाला, याचं उत्तर घोट घेण्याआधीच मिळालेलं असतं.

उणं सांगायचं तर दोन गोष्टी. धातूचा भाग आधी नीट तापवावा लागतो, फिक्या भाजणीच्या बियांना तर दोनदा. आणि दुधासाठी वाफ नाही. पाहुणे आले की मी फ्रेंच प्रेस काढते.

* * *

जुनं मशीन घ्यावं का असं विचारणाऱ्यांसाठी. मी घेतलं, एका ओळखीच्यांकडून, एकच बॉयलर आणि ५८ मिलिमीटर पोर्टाफिल्टरचं. हा आकार कॅफेतल्या बहुतेक मशीन्सचा, त्यामुळे बास्केट, टॅम्पर (भरलेली कॉफी दाबून बसवायचा ठोकळा) सहज मिळतात. १९९१ सालची गाज्जिया क्लासिक किंवा १९९७ सालची रान्चिलिओ सिल्विया अशा जुन्या रचनांचे सुटे भाग आजही मिळतात, आणि उघडून दुरुस्त करता येतात. मला जुन्याच्या बाजूने तेच मोठं कारण वाटतं.

माझ्या मशीनमधून पाणी अगदी बारीक धारेने यायचं. उघडलं तर बॉयलरच्या आत पांढरा जाड थर. आधीच्या घरात कठीण पाणी वर्षानुवर्षं तसंच वापरलं होतं. सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाने तीनदा साफ केलं तेव्हा धार सुटली. म्हणून जुनं घेताना पोर्टाफिल्टर न लावता पाणी सोडायला सांगा. धार मोकळी आणि सरळ पडते का बघा. वाफेचा नळ उघडा. ग्रुपचं (पोर्टाफिल्टर बसतो त्या भागाचं) रबर दगडासारखं झालं असेल तर घाबरू नका, तो स्वस्तातला भाग आहे. आणि स्वतःच्या पाण्याची आजच काळजी घ्या, कमी क्षारांचं पाणी वापरा.

खोक्यावर लिहिलेल्या १५ बारला भुलू नका. ती पंपाची कमाल ताकद असते. शॉटला ९ च्या आसपास लागतो. माझ्या मशीनची दाबाची झडप १२ च्या वर उघडत होती. तिची स्प्रिंग बदलून ९ वर आणली, आणि पाणी मधूनच फट पाडून धावतं असे शॉट लक्षणीय कमी झाले. वीज काढून, मशीन पूर्ण थंड करूनच हे काम करा.

* * *

बियांबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. नुसती पितो.

पहिल्या वर्षी माझा समज होता की जितक्या फिक्या भाजलेल्या तितक्या चांगल्या. इथिओपियाच्या फिक्या बिया आणल्या. पाकिटावर जाई आणि लिंबाचा उल्लेख होता. कपात फक्त लिंबू आलं. दळण बारीक करत गेलो, शॉट अडकायला लागले. फिक्या भाजलेल्या बिया कठीण आणि दाट असतात. त्यांच्यातला स्वाद काढायला ९४-९६ अंशांचं स्थिर तापमान लागतं, शॉटही लांब, म्हणजे १८ ग्रॅममधून ४५-५० ग्रॅम काढावा लागतो. सुरुवातीच्या मशीनला आणि सुरुवातीच्या ग्राइंडरला हे झेपणं अवघड. मग ब्राझीलच्या मध्यम भाजणीच्या बिया आणल्या आणि दुसऱ्याच शॉटला भाजलेल्या शेंगदाण्यासारखी, कोकोसारखी चव आली. शिकायला या बिया. थोडं इकडंतिकडं झालं तरी सांभाळून घेतात.

अगदी काळ्या, तेलाने चमकणाऱ्या बियांच्या वाटेला मी जात नाही. ते तेल ग्राइंडरमध्ये चिकटून राहतं आणि काही दिवसांनी खवट वास येतो. रोबस्टा या कॉफीच्या जातीला मात्र कमी लेखू नका. तिच्यात कॅफिन अरेबिका या दुसऱ्या जातीच्या साधारण दुप्पट, क्रेमा जाड, आणि दुधातून चव वर येते. दुधातली पिणाऱ्यांना थोडी रोबस्टा मिसळलेलं मिश्रण आवडण्याची शक्यता बरीच आहे.

पाकिटावर भाजल्याची तारीख शोधा. नुसती ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ असेल तर मी घेत नाही. पण तारीख कालची असेल तर लगेच उघडूही नका. ताज्या भाजलेल्या बियांमधून कार्बन डायऑक्साइड निघत असतो, त्यामुळे शॉट फेसाळून कसाही वाहतो. मी आठ-दहा दिवस थांबतो, फिक्या असतील तर आणखी. महिनाभरात संपणार नसतील तर १८-१८ ग्रॅमच्या हवाबंद डब्या करून फ्रीझरमध्ये टाकतो.

आणखी एक हिशेब, जो मला कुणी आधी सांगायला हवा होता. २५० ग्रॅममध्ये १८ ग्रॅमचे तेरा शॉट होतात. नव्या बियांचं दळण जमेपर्यंत त्यातले तीन-चार जातात. दर आठवड्याला वेगळ्या बिया आणणारा माणूस कायम चाचपडतच राहतो. मी सलग तीन पाकिटं एकाच बियांची आणली, आणि माझा हात त्या दोन महिन्यांत बसला.

* * *

मी शेवटी मशीन घेतलंच नाही. १९३३ पासून चालत आलेलं मोका पॉट (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं) वापरते. त्यात दाब एक-दोन बारपेक्षा जास्त नसतो, म्हणजे ती एस्प्रेसो नव्हे. पण दाट असते, दुधात उतरते, आणि मला सकाळी हवी ती कॉफी हीच आहे हे मैत्रिणीचं मशीन आठवडाभर वापरून पाहिल्यावर समजलं. शक्य असेल तर असं उसनं वापरून बघा.

* * *

लहान वस्तूंबद्दल. ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा पहिल्या दिवसापासून हवाच. त्याच्याशिवाय कालचा चांगला शॉट आज पुन्हा काढता येत नाही. दुसरी वस्तू, बारीक सुया लावलेलं बूच. दळलेल्या कॉफीतल्या गुठळ्या त्याने मोडायच्या. जॉन वाइस यांनी २००५ मध्ये ही युक्ती मांडली. पाणी गुठळीला वळसा घालून एकाच फटीतून धावतं, ते यामुळे बरंच थांबलं. मशीनसोबतचा प्लॅस्टिकचा टॅम्पर कडेला सैल बसत होता, तो बदलला. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक फवारा मारते, त्याने स्थिर विजेमुळे उडणारा भुगा बसतो. बाकी काही घेतलं नाही.

* * *

आमच्याकडे मी साधी कॉफी पितो, बायको संध्याकाळी डीकॅफ (कॅफिन काढलेली). दोन्ही नुसत्या. मशीन एकच, ग्राइंडर एकच, आणि अडचण तिथेच आहे. डीकॅफ बिया जास्त ठिसूळ. साध्याच्या दळणावर त्यांचा शॉट १५ सेकंदांत संपतो. शिळ्याही लवकर होतात, म्हणून लहान पाकीट आणतो. रोज दोनदा दळण बदलायचं तर मधला उरलेला भुगा पुढच्या कपात जाणार, म्हणून विजेचा मोठा ग्राइंडर विकून हाताचा घेतला. त्याच्यात जवळजवळ काही उरत नाही, आणि खटके मोजता येतात. सध्या साधी १४ वर आणि डीकॅफ ११ वर. दोन्ही आकडे ओट्यावरच्या फरशीवर पेन्सिलने लिहिलेत, नवीन पाकीट उघडलं की पुसून पुन्हा लिहितो.