शब्दचर्चा: अळीच्या अंगात जस्त साठतं, अडतं की मुरतं?

अनुजा (इंदूर)
सोयाबीनवरच्या किडींचं एक माहितीपत्रक इंग्रजीतून मराठीत आणायचं आहे. अळी वाढताना पानातलं जस्त, तांबं, लोह, मंगल (मँगनीज) कसं आत घेते आणि कुठे ठेवते, असा एक भाग त्यात आहे. 'आत घेणे' याला 'शोषण' आणि 'ठेवणे' याला 'संचय' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी दोन्ही खोडून 'उचल' आणि 'साठवण' केलं. शिवाय या धातूंना एकत्रितपणे काय म्हणावं? सूक्ष्म धातू की लेशधातू?

मोरेश्वर
लेशधातू. सूक्ष्म म्हणजे आकाराने लहान, आणि इथे प्रमाण अल्प आहे. बाकीसाठी अवशोषण, संचयन आणि कात टाकण्याला निर्मोचन. शास्त्रीय मजकुरात एका कल्पनेला एकच शब्द हवा, तो पहिल्यांदा जड वाटला तरी चालेल.

विवेक
मोरेश्वरराव, माती परीक्षणाचा अहवाल हातात घेणारा प्रत्येक शेतकरी 'सूक्ष्म अन्नद्रव्ये' हेच वाचतो. लोह, जस्त, मंगल, तांबे ही यादी त्याला पाठ असते. माळव्यातल्या काळ्या मातीत जस्ताची कमतरता सर्रास आढळते, म्हणून झिंक सल्फेट हेक्टरी 25 किलो टाकायला सांगतात. त्याच्यासमोर लेशधातू ठेवून काय साधणार?

'उचल' मात्र मलाही पटत नाही. उचल मुळांची. मूळ निवडून घेतं. अळी पानाबरोबर सगळंच गिळते, आणि त्यातलं बरंचसं आतड्याची भिंत न ओलांडताच विष्ठेतून बाहेर पडतं. म्हणजे 'गिळणं' वेगळं आणि 'शोषणं' वेगळं. हा भेद राखला नाही तर मोजमापच फसतं. अळी पकडून तशीच वाळवली, तर पोटातलं पान आणि पानावरची धूळही मोजली जाते, आणि काळ्या मातीच्या धुळीत लोह भरपूर. म्हणून पानं आधी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायची, अळी पोट रिकामं होईपर्यंत उपाशी ठेवायची, मग धुऊन 60 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची आणि नायट्रिक आम्लात विरघळवायची. अळी न घातलेलं नुसतं आम्लही सोबत त्याच वाटेने न्यायचं. पावडर लावलेले हातमोजे आणि रबरी बुचं वापरू नयेत, त्यांतलं जस्त नमुन्यात उतरतं.

सुलभा (इंदूर)
अनुजा, तुझी खरी अडचण 'संचय' आहे. तीन वेगळ्या गोष्टींवर तो एकच शब्द टाकला जातोय.

पहिली गोष्ट आतड्यात घडते. ड्रोसोफिला या प्रयोगशाळेत पाळल्या जाणाऱ्या छोट्या माशीच्या अळीच्या मध्यांत्रात, म्हणजे आतड्याच्या मधल्या भागात, तांबं धरणाऱ्या पेशी वेगळ्या आणि लोह धरणाऱ्यांचा अरुंद पट्टा वेगळा. जादा तांबं, कॅडमियम मेटॅलोथायोनिन या प्रथिनाला बांधलं जातं आणि पुढे जाऊ शकत नाही. याला मी 'अडवणं' म्हणेन.

दुसरी गोष्ट मॅल्पिघी नलिकांत, म्हणजे कीटकाच्या उत्सर्जनाच्या नळ्यांत. तिथल्या पेशींत जस्ताचे कण जमतात. कोषावस्थेत या माशीचं आतडं नव्याने बनतं, पण या नलिका मोडत नाहीत, त्यामुळे अळीने जमवलेलं जस्त प्रौढ माशीपर्यंत पोचतं. हीच खरी साठवण. एक व्यावहारिक सूचना: डोळ्यांचा रंग ठरवणारी काही जनुकं हे कण घडवण्यातही लागतात. पांढऱ्या डोळ्यांच्या वाणात जस्त मुळातच कमी भरतं, म्हणून तुलनेला लाल डोळ्यांचा वाण घ्यावा.

तिसरी गोष्ट जबड्याची. मुंग्यांच्या जबड्याच्या दातांत जस्त असतं, त्याने कडा कठीण होते. मुंगी कोषातून बाहेर पडल्यावर, दात घडून झाल्यावर ते भरतं. तिथून परत निघत नाही. हे ना अडवणं, ना साठवण.

मोरेश्वर
मग तिसऱ्याला 'निक्षेपण' म्हणा.

विवेक
निक्षेपण म्हणजे थर बसणं. इथे थरही नाही आणि खनिजाचे स्फटिकही नाहीत. जस्ताचे अणू प्रथिनांना जागोजाग धरून बसतात. लोणच्याच्या फोडीत मीठ मुरतं तसं जस्त मुरतं. मुरणं हाच शब्द.

सुलभा (इंदूर)
मीठ बाहेरून आत जातं, जस्त शरीराच्या आतून दातात येतं. दिशा उलटी आहे. 'भिनणं' चालेल.

मोरेश्वर
भिनतं ते विष. वाचकाला वाटेल मुंगीला विषबाधा झाली.

बडोदेकर
आमच्याकडे गुजरातीत जसत, तुमच्याकडे हिंदीत जस्ता, मराठीत जस्त. तिन्ही संस्कृत 'यशद' वरून. तेव्हा संस्कृत शब्दांना एवढं भिऊ नये.

विवेक
उलटं असावं असं माझं ठाम मत आहे. जुन्या रसग्रंथांत जस्ताच्या धातुकासाठी खर्पर, रसक हे शब्द आहेत. 'यशद' नंतरचा, बोलीतल्या जसदला संस्कृताचा पेहराव चढवलेला.

बडोदेकर
ठाम मत हा पुरावा नव्हे.

अनुजा (इंदूर)
जस्ताची व्युत्पत्ती नंतर पाहू. लोहासाठी काय लिहू? मूळ मजकुरात फेरिटिनला 'साठवणीचं प्रथिन' म्हटलंय.

सुलभा (इंदूर)
अर्धंच बरोबर. 24 घटकांचा पोकळ गोळा, आत लोह, इथवर साठवण. पण आपल्या शरीरात फेरिटिन मुख्यतः पेशीद्रवात असतं, तर कीटकांत ते पेशीबाहेर सोडायच्या मार्गावर आणि रक्तद्रवातही असतं. म्हणजे तेच कोठार आणि तीच वाहतूक. 'लोह धरणारं प्रथिन' असं लिही.

लोहाचा पट्टा दाखवायचा असेल तर 2 टक्के पोटॅशियम फेरोसायनाइड आणि 2 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल सम प्रमाणात, वापरायच्या वेळीच मिसळावं. आतडं फॉर्मॅल्डिहाइडने स्थिर करून त्यात बुडवलं की पट्टा निळा होतो. पोलादी चिमटा त्या द्रावणात घालू नये, आम्लाने त्याचंच लोह सुटतं आणि भलतीकडे निळे डाग पडतात.

दिगंबर
ड्रोसोफिलाला पत्रकात 'फळमाशी' लिहू नका. शेतकऱ्याची फळमाशी म्हणजे आंबा-पेरूत अंडी घालणारी, ती वेगळ्या कुळातली. आणि माळव्यात 'अळी'पेक्षा 'इल्ली' लवकर कळेल.

मोरेश्वर
पत्रक मराठी आहे. इल्ली हिंदी.

दिगंबर
इंदुरात मराठी घरांतही इल्लीच म्हणतात, काका.

विवेक
अनुजाताई, पत्रकात 'प्रौढ पतंगात धातू कमी होतात' असं वाक्य असेल तर कारणही द्या. काही भाग टाकलेल्या कातेबरोबर जातो. कोषात अळीचं जुनं आतड्याचं अस्तर गळून आतच राहतं, आणि पतंग बाहेर आल्यावर तो मळ टाकतो. मळ टाकण्याआधी पतंग वाळवला तर घट दिसतच नाही.

अनुजा (इंदूर)
त्या मळाला शब्द? तान्ह्या बाळाच्या पहिल्या काळ्या शीला जो इंग्रजी शब्द आहे (मेकोनियम), तोच मूळ मजकुरात वापरलाय.

मोरेश्वर
जन्ममल.

दिगंबर
पतंगाचा जन्म अंड्यातून झाला, कोषातून नव्हे. 'कोषमळ' म्हणा.