पर्शियन मांजरीच्या केसांत जटा होत आहेत

प्रश्न:
आमच्याकडे तीन वर्षांची पर्शियन मांजरी आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून तिच्या कानांमागे आणि पुढच्या पायांच्या काखेत जटा होत असून, मागच्या आठवड्यात आंघोळ घातल्यावर त्या सुटण्याऐवजी नमद्यासारख्या घट्ट झाल्या. त्या कात्रीने कापून टाकाव्यात का?

प्रतिसाद १:
कात्री कृपया वापरू नका. मांजराची कातडी पातळ आणि सैल असल्याने ती जटेबरोबर वर ओढली जाते आणि नेमकी तिथेच कापली जाते. आमच्या बोक्याला असे दोन टाके पडले आहेत. जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, मुळाशी केस दोन बोटांत घट्ट धरा म्हणजे कातडीवर ताण येणार नाही, आणि धातूच्या फणीने टोकापासून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे या. ती शेपूट आपटू लागली, की त्या दिवसापुरते थांबा.

प्रतिसाद २:
गुंता आंघोळीआधीच काढावा लागतो, कारण ओल्या जटा वाळताना आणखी आवळतात. मऊ ब्रशने वरचे केस चमकतात खरे, पण जट खाली वाढतच राहते. म्हणून रोज फणी फिरवावी. कातडीला चिकटलेल्या जटा मात्र पशुवैद्यांकडून मशीनने काढून घ्याव्यात.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. काल कॉर्नफ्लोअर लावून कानामागची एक जट सुटली. काखेतल्या जटांसाठी शनिवारी पशुवैद्यांची वेळ घेतली आहे.